फुंकणीची लाल गाडी

"आधी लाल," केतकी म्हणाली.

"आधी राखाडी," दस्तगीरचाचा म्हणाले. "आधी गोड खाल्लंस तर मग भाकरी गिळंल व्हय तुला?"

दोन्ही गाड्या आमच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडखाली तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. कोल्हापूरचं उद्यमनगर रविवारी असतं तसं गप्प होतं. लेथ बंद, भट्ट्या बंद, फक्त समोरच्या वेल्डिंगवाल्याचा रेडिओ चालू. बारा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा चाळिशीची होते आणि मला इंजिनातलं सगळं कळतं असं माझं मत होतं. आता बावन्नची आहे. मत बरंच खाली उतरलंय.

केतकी मगदूम जयसिंगपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. वय सव्वीस. दर जानेवारीत पन्हाळ्याच्या बाजूला घाट चढायची शर्यत व्हायची. मागच्या वर्षी भावाची गाडी मागून आणून ती बायकांच्या गटात दुसरी आली होती. पहिलीत आणि हिच्यात फरक किती, तर एक शिंक येऊन जाईल एवढा. तेव्हापासून तिला स्वतःची गाडी हवी होती. नवी तिच्या आवाक्यातली नव्हतीच. आईनं लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या तिनं "लग्नाचं मागनं बघू" म्हणत मोडायला लावल्या होत्या.

"पप्पांची अट काय माहितीये का अक्का?" ती मला म्हणाली. "एकदाच. गाडी चांगली निघाली तर माझी हौस, वाईट निघाली तर एसटीचा पास. परत गाडीचं नाव घरात काढायचं नाही."

"म्हणजे कॉलेजलाही हीच आणि घाटालाही हीच?"

"हीच. म्हणून तर तुमच्याकडं आले."

"तुमच्याकडं" म्हणताना ती चाचांकडे बघत होती. सगळे तिकडेच बघायचे.

गॅरेज माझ्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता जागा विकून माहेरी जाणार. चाचा तिथले मोठे मिस्त्री होते. त्यांनी गल्ल्याची खुर्ची फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "बस की हितं." मी बसले, आणि हळूहळू उठून बॉनेटपाशी जायला लागले. चाचांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. हाकललं मात्र नाही. बाकी मी वाचून शिकले. गाड्यांबरोबर येणारी पुस्तकं वाचली, रद्दीतली इंग्रजी मासिकं मांडीवर शब्दकोश घेऊन वाचली, पुढे मोबाइल आला तेव्हा त्याच्यावर.

चाचा एक अक्षरही वाचत नव्हते. त्यांच्याकडे कान होता. निपाणीपासून इचलकरंजीपर्यंत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी चाचांकडे आणायचा. लांब स्क्रूड्रायव्हर, चाचा त्याला डिसमिस म्हणायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, डावा तळवा मडगार्डवर सपाट, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "साफ आहे." किंवा म्हणायचे, "नगं." त्यापुढे कुणी वाद घालत नसे. या दोन शब्दांवर त्यांचं घर चाललं होतं.

राखाडी गाडी सिडॅन होती. सोळाशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. लाल गाडी छोटी, इंजिन बाराशेचंच, पण टर्बोवालं.

"फरक काय ते मला फिजिक्समध्ये कळतं," केतकी म्हणाली. "गाडीत सांगा."

"ही राखाडी आपल्या छातीनं श्वास घेती," चाचा म्हणाले. "जेवढी पळंल तेवढा दम. आणि ही लाल म्हंजे फुंकणीची गाडी. चूल पेटंना म्हणून फुंकणी घेऊन बसायचं. पेटती झटक्यात, खोटं बोलत न्हाई मी. पण फुंकणारा दमला की?"

"चाचा, तसं नसतं ते," मी म्हणाले. "इंजिनातून जो धूर बाहेर फेकला जातो ना केतकी, त्याच्यावर एक भिंगरी फिरते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ती भिंगरी बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. फुकट जाणारा धूर कामाला लावायचा. यात फुंकणारा दमायचा प्रश्नच नाही."

"अक्का!" केतकी म्हणाली. "हे कुठं शिकलात तुम्ही?"

शिकलात. हा शब्द मला आजवर कुणी लावला नव्हता. लोक म्हणायचे, "अक्कांना पण कळतं हो थोडंफार." मी शहाण्यासारखं नुसतं हसले. पण हसू आतून किती वर आलं होतं ते मलाच माहीत.

आधी राखाडी नेली. केतकी चालवत होती, चाचा शेजारी, मी मागे. शिरोली नाका ओलांडून मोकळ्या रस्त्यावर तिनं गिअर न बदलता गाडी ताणली. काटा चार हजार, पाच, सहा. इंजिन वर वर चढत गेलं, गाणारा माणूस पट्टी वाढवत जातो तसं, कुठे धक्का नाही, कुठे खळ नाही.

"मजा आहे," केतकी म्हणाली, "पण ओढायला वेळ घेते. खाली जीवच नाही हिला."

"वर हाय की. पाय दाबून ठेव," चाचा म्हणाले. "जेवढं तू दाबशील तेवढंच ही करणार. कमी न्हाई, जास्ती न्हाई. घाटात वळणावर असलीच बाई बरोबर असावी."

मग लाल. तीच जागा, तोच रस्ता. केतकीनं पाय दाबला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग आम्ही तिघेही सीटमध्ये रुतलो.

"आई गं!" ती ओरडली. "अक्का, पाठीत कुणी ढकलल्यासारखं!"

"ढकलल्यासारखं न्हाई पोरी, ढकलतातच," चाचांनी वरचं हँडल घट्ट धरलं होतं. "पण ढकलणारा जरा उशिरा येतोय बघ. सरळ रस्त्यावर येऊ दे की. वळणात अर्ध्यात असताना आला म्हंजे?"

"सवय होते त्याची," मी मागून म्हणाले. "वळण संपायच्या आधीच पाय द्यायचा. सगळ्या जगात आता अशाच गाड्या येणार आहेत, चाचा. तुमची ती छातीनं श्वास घेणारी पुढच्या दहा वर्षांत मिळणार पण नाही."

"मग दहा वर्षांनी घेऊ दे की तिला फुंकणीची," चाचा म्हणाले. "आज मिळतीय तवर ही घेऊ दे."

केतकी खळखळून हसली. चाचांचं असंच होतं, वादात हरतानाही समोरच्याला हसवायचे. मला त्या हसण्याचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक बाई इंजिनाचं विचारायला आली होती. माझं बोलणं ती मन लावून ऐकत होती, आणि तरी शेवटचा शब्द चाचांचाच ठरणार होता. तसं तिनं गॅरेजमध्ये उतरल्या उतरल्या सांगितलंच.

"मला लाल आवडली. अक्कांचं पटतंय मला. पण चाचा, तुम्ही कान लावा. तुम्ही साफ म्हणालात तर लाल. नगं म्हणालात तर राखाडी, मी एक शब्द बोलणार नाही."

चाचांनी खिशातलं फडकं काढलं, डिसमिस पुसली.

त्यांना लाल नको होती. "नगं" म्हटलं की संपलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं. हे मी नंतर किती वेळा मनात घोळवलंय.

मी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले, पुढच्या चाकापाशी, उजवा हात मडगार्डवर. केतकी आत बसली.

"रेस दे," चाचा म्हणाले. "आणि सोड. परत दे. परत सोड."

त्यांनी वर ऐकलं, खाली ऐकलं, मग वाकून मागच्या बाजूला टर्बोच्या बिडाच्या खोक्यापाशी टोक टेकवलं. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. समोरचा रेडिओ कसलीशी जाहिरात सांगत होता. डावा तळवा पत्र्यावर होता, नखांत वर्षानुवर्षांचं काळं तेल मुरलेलं.

"आणि एकदा," ते म्हणाले.

केतकीनं परत रेस दिली. सोडली.

चाचा सरळ झाले. माझ्याकडे बघितलं नाही. केतकीला म्हणाले, "साफ आहे, पोरी. माझ्या मनात राखाडी होती. पण हिच्यात खोट न्हाई. घे."

केतकीनं आधी चाचांना वाकून नमस्कार केला आणि मग मला मिठी मारली. त्या मिठीत मी जिंकलेली होते.

बरोबर सहा आठवड्यांनी लाल गाडी दोरीला बांधून आमच्या दारात आली.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात केतकी घाटात सराव करत होती. चौथ्या वळणावर मागे निळा धूर दिसला, गाडीतला जोर गेला आणि आतून मूठभर खिळे उधळल्यासारखा आवाज आला. तिनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली म्हणून बरं. तिला काही झालं नाही. हे वाक्य मी लिहू शकते याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते.

चाचांनी टर्बो उतरवला. भिंगरीचा दांडा बोटानं हलवून बघितला, तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. बेअरिंग जळलेलं होतं. पाती खोक्याला घासून घासून बोथट झाली होती. एक पातं मोडून आत गेलं आणि इंजिन घेऊन गेलं. आधीच्या मालकानं गाडी दणकून पळवायची आणि तशीच तापलेली खटकन बंद करायची, असं वर्षानुवर्षं केलं असणार. भिंगरी आत फिरत राहते आणि तेल मिळत नाही. पुस्तकात सगळं आहे. मी वाचलेलं होतं.

केतकी पायरीवर बसली होती. रडून झालं होतं. एसटीचा पास वडिलांनी आदल्या संध्याकाळीच टेबलावर आणून ठेवला होता.

"चाचा," ती म्हणाली, "हे सहा आठवड्यांत झालं?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "आधीपास्नं असणार."

"मग तुम्ही कान लावला होता ना? तुम्ही साफ म्हणाला होता."

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. त्या वयात त्यांना ते सोपं नव्हतं, एक हात जमिनीला टेकून बसले.

"माझ्या कानानं चूक केली, बेटी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची न्हाई. तुझ्या वडलांना मी येऊन सांगतो."

"नको," केतकी उठली. ती चाचांकडे बघत नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीच ऐकायला हवं होतं, अक्का. तुम्हाला कळलं असतं."

चाचा ऐकत होते. मी म्हणाले, "आता बोलून काय उपयोग, बाई."

एवढंच म्हणाले मी. शब्द अगदी समजूतदार होते.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

चाचांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. जाड आवाज, ठोके, खडखड, ते हाडातून यायचे. बारीक शीळ, घासणं, इंजिनाच्या पट्ट्याची कुरकुर, हे सगळं चाळीस वर्षांच्या लेथशेजारच्या नोकरीनं नेलं होतं. मला कळलं ते लाल गाडीच्या सहा वर्षं आधी. त्यांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजत होता आणि ते मला शांतपणे टॅपेटचं अंतर समजावत होते. त्याच आठवड्यात एक व्हॅन आली. पट्टा किंचाळत होता, आणि चाचा "साफ" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या बोटानं मडगार्डवर दोन टिचक्या मारल्या. का मारल्या, कुणास ठाऊक. बोटानंच मारल्या. चाचांचा डावा तळवा त्याच पत्र्यावर होता. ते थांबले. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघितलं, आणि डिसमिस पुढे पट्ट्यापाशी नेली. "पट्टा बदला," गिऱ्हाइकाला म्हणाले.

तेव्हापासून तसंच. एक टिचकी म्हणजे वर बघा. दोन म्हणजे पुढं. तीन म्हणजे मागं, खोलात. आम्ही हे कधी ठरवलं नाही, कधी बोललो नाही. सहा वर्षांत अवाक्षर नाही. ते चहा सांगायचे तेव्हा माझ्या कपात आलं जास्त घालायला सांगायचे, एवढीच काय ती पावती.

त्या रविवारी मी आवाज ऐकला होता. टर्बोला शीळ असतेच, ती मला माहीत होती. केतकीनं रेस सोडली की त्या शिळेच्या शेपटाला एक घासणं लागायचं, पितळेच्या पातेल्याला उलथनं लागावं तसं. पहिल्यांदा आलं. दुसऱ्यांदा आलं. चाचा वाकून तिथेच टोक लावून थांबले होते, तळवा पत्र्यावर पसरून, वाट बघत. "आणि एकदा" ते केतकीला म्हणाले नव्हते. मला म्हणाले होते.

तीन टिचक्या. बोट उचलायचं आणि टेकवायचं.

मी स्वतःशी म्हणाले, टर्बोचा आवाज असतोच असा, आणि हात होता तिथेच ठेवला. कारण मी तीनदा बोट टेकवलं असतं तर चाचा "नगं" म्हणाले असते, राखाडी ठरली असती, आणि केतकी म्हणाली असती, "बघा, चाचांना बरोबर कळलं." माझ्याच कानानं मी हरले असते.

केतकी चारेक वर्षं एसटीनं गेली. मग लग्न केलं, गाडी चालवू देणाऱ्याशी केलं, आणि जुनी सोळाशेची बिनटर्बोची गाडी शोधून घेतली. मी शोधून दिली. अजून ती गाडी माझ्याकडेच आणते. "अक्कांच्या कानाशिवाय मी बोल्टसुद्धा हलवत नाही," असं चारचौघांत सांगते. मी चहा मागवते.

चाचांचं नाव मात्र उद्यमनगरात आठवड्यात गेलं. म्हाताऱ्याचा कान गेला, एवढंच वाक्य, पण पाना फेकून मारावा तसं गल्लीतून फिरलं. ते पुढे मिरजेला मुलाच्या बॅटरीच्या दुकानात जाऊन बसायला लागले. मी दर ईदला जायचे. ते शिरखुर्मा द्यायचे, गॅरेजचं विचारायचे. लाल गाडीचं कधी नाही. गेल्या वर्षी चाचा वारले. मी दर वेळी सांगायचं ठरवून जायचे आणि वाटी रिकामी करून यायचे.

पण मला सांगायचं आहे ते दोरीला बांधून आलेल्या गाडीनंतरच्या तिसऱ्या दिवसाचं. गडहिंग्लजकडची एक भाजीची व्हॅन आली. मालकाला अजून काही कळलेलं नव्हतं. चाचांनी फडक्यानं डिसमिस पुसली. मी धावतच माझ्या जागेवर गेले. पट्टा असा ओरडत होता की समोरचा वेल्डिंगवालाही मान वळवून बघत होता. चाचांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागे नेली, डोळे मिटले.

मी दोन टिचक्या मारल्या. मग परत दोन. मग आणखी दोन, जरा जोरात.

"साफ आहे," चाचा म्हणाले.

"काय ओ चाचा," मालक म्हणाला, "शीळ तर मलाबी ऐकू यायलीय की!"

"मग तुझा कान माझ्यापेक्षा चांगला," चाचा हसून म्हणाले. त्यांनी डिसमिस विजारीवर पुसली, नीट, टोकापासून मुठीपर्यंत, आणि माझ्या हातात दिली.

"घे हेमा. तसाबी कान तुझाच होता."

ते आत गेले. तेव्हा मी बघितलं. त्यांचा डावा हात विजारीच्या खिशात होता. कान लावल्यापासून तिथेच होता.

व्हॅनच्या मडगार्डवर बोटभर धूळ होती. तिच्यावर माझ्या बोटाचे सहा ठिपके उमटले होते. शेजारी तळव्याचा ठसा नव्हता.